मेळ जुळेपर्यंत

बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला एक खोड जन्मभर चिकटते. दिवसअखेरीस रोकड आणि खतावणी यांचा मेळ बसल्याखेरीज त्याचे मन घराकडे वळत नाही. निवृत्तीनंतर या खोडीचा कुणाला उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. तो गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी झाला, आणि तोही संगणकाच्या निमित्ताने. त्या आठ-दहा दिवसांत मी जे शिकलो, ते आपल्या घरातील कर्त्या मंडळींना आणि विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे सविस्तर मांडतो आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी विद्यार्थ्यांचे एक जुने वसतिगृह आहे. तेथील वाचनालयाचा जमाखर्च मी पाहतो. काही वर्षांपूर्वी एका दात्याने आपल्या कचेरीतील वापरलेले आठ संगणक वसतिगृहाला दिले होते. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे अर्ज, प्रवेशाची कागदपत्रे अशी सगळी कामे मुले त्यांवरच करीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. विंडोज ११ पेलण्याइतके आमचे संगणक नवे नव्हते. सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी मुदतवाढ मिळण्याची सोय होती, पण तीही वर्षभरापुरतीच. विश्वस्त मंडळाच्या सभेपुढे विषय आला, ‘जुने संगणक भंगारात देणे’. नव्या संगणकांसाठी निधी नव्हता. म्हणजे संगणक गेले की मुलांनी बाजारपेठेतील दुकानात जाऊन प्रत्येक अर्जामागे पैसे मोजायचे. ज्याच्या घरून महिन्याला जेमतेम खर्चापुरते पैसे येतात, अशा मुलाला हे परवडणारे नव्हते. मी सभेत उभा राहिलो आणि पुढील सभेपर्यंतची मुदत मागून घेतली. ती पंधरा दिवसांची मिळाली.

माझी भाची पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकते. तिला दूरध्वनी केला. ती म्हणाली, “मामा, संगणक मेलेले नाहीत, फक्त त्यांची प्रणाली म्हातारी झाली आहे. लिनक्स मिंट घाला. विनामूल्य आहे, आणि तिची एक्सएफसीई आवृत्ती जुन्या यंत्रांवर हलकी चालते.” मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे आणि किमान दोन जीबी स्मृती असली तरी ती चालते, हे मी स्वतः पडताळून पाहिले. आमच्या संगणकांत चार जीबी होती. अडचण राहिली होती ती एकच. प्रणालीची फाइल उतरवून घ्यायची होती, आणि ती सुमारे तीन जीबीची होती.

तीन दिवस, तीन अपयशे

वसतिगृहात इंटरनेटची तार नाही. माझ्या भ्रमणध्वनीचा हॉटस्पॉट चालू करून मी कामाला बसलो. माझ्या योजनेत दिवसाला दीड जीबी मिळत असे. ब्राउझरमध्ये दुव्यावर टिचकी मारली आणि फाइल उतरू लागली. दोन तासांनी वीज गेली. वीज आल्यावर पाहतो तो काम शून्यापासून सुरू. दुसऱ्या दिवशी एक जीबी उतरल्यावर जोडणी तुटली आणि पुन्हा शून्य. तिसऱ्या दिवशीही तेच झाले. मग वाचनालयाच्या संगणकात पूर्वी कुणीतरी घालून ठेवलेला एक जुना डाउनलोडर सापडला. तो तुटलेल्या ठिकाणापासून पुढे काम चालू ठेवीत असे. त्याच्या साहाय्याने दोन दिवसांत सुमारे १,८०० एमबी जमा झाले. मध्यंतरी माझी योजना दोनदा संपली, मी दोनदा पैसे भरले, आणि डाउनलोडर मुकाट्याने पुढे चालत राहिला. तो ‘मुकाट्याने’ पुढे गेला हीच पुढील संकटाची सुरुवात होती, हे मला तेव्हा कळले नाही.

वेग मात्र अगदी संथ होता. सेकंदाला १५० केबी. मी कागद-पेन्सिल घेतली. ३,००० एमबी भागिले ०.१५ म्हणजे २०,००० सेकंद, अर्थात साडेपाच तासांहून अधिक. गंमत अशी की, वेग मोजणारी चाचणी माझ्या हॉटस्पॉटचा वेग १० एमबीपीएस दाखवीत होती. येथे वाचकांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. कंपन्या वेग सांगतात तो बिटमध्ये, आणि फाइल मोजली जाते बाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. त्या वेगाने तीन जीबी चाळीस मिनिटांत यायला हवे होते. माझा नळ मोठा होता, पण पाणी मात्र थेंबथेंब येत होते. मग अडथळा होता कुठे?

पोच आणि पल्ला

भाचीने जे सांगितले ते मला बँकेच्या भाषेत लगेच समजले. इंटरनेटवर माहिती लहान लहान पुडक्यांत येते. पाठवणारा काही पुडकी पाठवतो आणि ती मिळाल्याची पोच येण्याची वाट पाहतो. पोच आली की पुढची पाठवतो. एखादे पुडके हरवले, तर समोरची वाट गर्दीची आहे असे समजून तो हात आखडता घेतो आणि वेग पुन्हा हळूहळू वाढवतो. पाठवणारा समुद्रापलीकडे असला तर प्रत्येक पोच पोहोचायला वेळ लागतो. भ्रमणध्वनीच्या जोडणीत पुडकी अधूनमधून हरवतातही. त्यामुळे लांबच्या पल्ल्यावर एकच धागा असेल, तर आपली वाट कितीही रुंद असो, तो धागा तिचा पूर्ण उपयोग करू शकत नाही. शिवाय ज्या सेवासंगणकाकडून आपण फाइल घेतो, त्याच्याकडे त्याच वेळी शेकडो लोक रांगेत असतात. त्याने प्रत्येकाला थोडे थोडे द्यायचे, हे ओघानेच आले.

बँकेत पगाराच्या दिवशी एकाच खिडकीसमोर रांग लागली तर व्यवस्थापक काय करतो? आणखी खिडक्या उघडतो. सॉफ्टवेअरच्या जगाने हेच केले आहे. या खिडक्यांना ‘मिरर’ म्हणतात, म्हणजे आरसे. मूळ ठिकाणी जी फाइल आहे तिचीच हुबेहूब प्रत जगभरच्या विद्यापीठांत, संशोधन संस्थांत आणि काही कंपन्यांत ठेवलेली असते. आरशात जसे मूळ रूप तसेच दिसते, तशी ही व्यवस्था.

आरशांची पूर्वपीठिका

या व्यवस्थेच्या मुळाशी एका भारतीयाचे काम आहे, हे वाचून पुष्कळांना आनंद होईल. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल कशी पाठवावी याची पहिली नियमावली, म्हणजे एफटीपी, एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिली. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आणि त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. पुढे सप्टेंबर १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रणालीचा गाभा लोकांसाठी खुला केला, तो फिनलंडच्या फुनेट या विद्यापीठीय जाळ्यावरील एफटीपी सेवेतच. तेथे त्या कप्प्याला ‘लिनक्स’ हे नाव दिले ते आरी लेम्के या व्यवस्थापकाने. मागणी वाढली तशी एका ठिकाणची जागा आणि वाट अपुरी पडू लागली आणि निरनिराळ्या देशांतील संस्थांनी आपापल्या यंत्रांवर प्रती ठेवण्यास आरंभ केला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आर-सिंक’ हा कार्यक्रम दिला. दोन ठिकाणच्या प्रतींमध्ये जेवढा फरक असेल तेवढाच तो पाठवतो. त्यामुळे आरसे ताजे ठेवणे स्वस्त झाले. ‘डेबियन’ ही लिनक्सची जुनी आवृत्ती १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्या मूळ भांडारात दिवसातून चार वेळा भर पडते आणि ती याच मार्गाने आरशांपर्यंत पोहोचते. आपल्या देशातही आयआयटी कानपूर आणि आयआयटी मद्रास यांसारख्या संस्थांनी अशा प्रती ठेवल्या आहेत. हे काम करणाऱ्यांना आपण ओळखत नाही, आणि त्यांपैकी बहुतेक जण त्याचे मोल घेत नाहीत.

एक हौद, पाच नळ

आता मुख्य मुद्दा. आरसे अनेक असले तरी आपण सहसा त्यांतील एकाकडेच जातो. तो संथ निघाला तर आपण संथ. पण पाच आरशांवर तीच फाइल असेल, तर पाचांकडून पाच वेगवेगळे भाग का मागू नयेत?

याची सोय वेबच्या नियमातच आहे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत अशी तरतूद आहे की, मागणाऱ्याने ‘अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचाच भाग द्या’ असे सांगावे. सेवासंगणकाला हे मान्य असेल तर तो २०६ या क्रमांकाचे उत्तर देतो, म्हणजे ‘हा घ्या तुम्ही मागितलेला अंश’. मान्य नसेल तर २०० क्रमांक देऊन फाइल पहिल्यापासून पाठवू लागतो. तुटलेले काम मधूनच पुढे चालू ठेवणे आणि अनेक ठिकाणांहून अंश आणणे, या दोन्ही गोष्टी या एकाच तरतुदीवर उभ्या आहेत.

हे काम करणारा ‘एरिया-टू’ नावाचा एक छोटा, विनामूल्य कार्यक्रम आहे. त्याचे कर्ते जपानचे तात्सुहिरो त्सुजिकावा. त्याला एकाच हुकमात एकाच फाइलचे चार-पाच पत्ते ओळीने द्यायचे. तो फाइलचे भाग पाडतो, प्रत्येक आरशाकडे एकेक भाग मागतो, आणि ज्याचा भाग आधी संपेल त्याला पुढचे काम देतो. एखादा आरसा मध्येच गप्प झाला, तर त्याचा भाग दुसऱ्याकडून आणतो. काम चालू असताना तो मूळ फाइलशेजारी स्वतःच्या नावाची एक छोटी नोंदफाइल ठेवतो. कोणता भाग आला आणि कोणता यायचा आहे, याची ती रोजवही. वीज गेली तरी ही वही पाहून तो पुढे चालू लागतो. ज्यांना काळ्या पडद्यावर हुकूम टंकण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी ‘यूगेट’ हा खिडक्या आणि बटणे असलेला कार्यक्रम आहे, जो आतून एरिया-टूलाच कामाला लावू शकतो.

भाचीने मिंटच्या संकेतस्थळावरील देशवार यादीतून पाच आरसे निवडून दिले. दोन आपल्या देशातले होते, तीन बाहेरचे. ‘आधीचे १,८०० एमबी टाकून देऊ नका, तेथूनच पुढे चालू करा,’ असा पर्याय कार्यक्रमात आहे, तो वापरला. पाचही धाग्यांची बेरीज सेकंदाला ९०० केबीच्या आसपास गेली. उरलेले १,२०० एमबी बावीस मिनिटांत आले. आधी हेच यायला दोन तासांहून अधिक लागले असते. वाचनालयात जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सभा होती, आणि त्या दिवसाच्या दीड जीबीपैकी सुमारे तीनशे एमबी शिल्लक होते.

तेरीज जुळली, पण हिशेब चुकला

रात्री साडेआठला भाचीचा दूरध्वनी आला. “मामा, फाइल आली ना? मेळ घातलात का?”

मी म्हणालो, “आकार पाहिला. संकेतस्थळावर जितके बाइट लिहिले आहेत तितकेच आहेत. एकाचाही फरक नाही.”

“तो मेळ नव्हे. शा-२५६ पाहा.”

शा-२५६ ही एक गणिती रीत आहे. कोणतीही फाइल तिच्यातून काढली की चौसष्ट अंकाक्षरांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी ती ओळ पार वेगळी येते. अशा ओळींची एकूण संख्या लिहायची तर अठ्ठ्याहत्तर अंकी होते, त्यामुळे दोन निराळ्या फाइलींची ओळ योगायोगाने एकच येण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये ही ओळ काढण्यासाठी ‘सर्टयुटिल’ नावाचे साधन आधीपासूनच असते. ते चालवले. पडद्यावरची ओळ आणि संकेतस्थळावरची ओळ मी बोट ठेवून ताडून पाहिली. पहिलेच अक्षर जुळेना.

खरे सांगतो, त्या क्षणी मोह झाला. आकार बरोबर आहे. मुले आठही संगणक पुसूनपासून, तारा जोडून बसली आहेत. सकाळी सभा आहे. पुन्हा तीन जीबी आणायचे तर डेटा नाही, आणि असता तरी दोन दिवस हवेत. कदाचित काहीही बिघडणार नाही. मनात आले, ‘घालून टाकू, चालेल.’

मग मला माझाच एक जुना दिवस आठवला. नवा अधिकारी असताना तेरीज जुळली म्हणून मी आनंदाने वही मिटली होती. आमच्या वरिष्ठांनी ती परत उघडायला लावली आणि दोन चुका दाखवल्या. एका खात्यात जितके जास्त, दुसऱ्यात तितकेच कमी. बेरीज बरोबर, दोन्ही खाती मात्र चूक. तेरीज जुळणे हा अचूकतेचा निर्णायक पुरावा नव्हे, हे वाणिज्य शाखेच्या पुस्तकात पाठ केले होते. त्या दिवशी ते अनुभवाला आले. मी मुलांना सांगितले, “आज काही घालायचे नाही.” त्यांचे चेहरे उतरले. तरीही सांगितले.

भाचीला सगळा क्रम पुन्हा सांगितला. योजना दोनदा संपल्याचे ऐकताच ती म्हणाली, “सापडले!” योजना संपली की सेवा देणारी कंपनी मागितलेल्या मजकुराऐवजी ‘पैसे भरा’ असे सांगणारे आपले पान पाठवते. आमच्या दुव्याची जोडणी साधी होती, सांकेतिक नव्हती, म्हणून ते पान मध्ये घुसू शकले. जुन्या डाउनलोडरने उत्तराचा क्रमांक न पाहता ते पान फाइलचाच भाग समजून शेवटी चिकटवले. पैसे भरल्यावर तो त्यापुढच्या बाइटपासून पुढे गेला. म्हणजे जितके बाइट खोटे आले तितकेच खरे गळले. एकूण आकार बिनचूक राहिला. माझ्या तेरजेची हीच तर गोष्ट होती!

दुरुस्ती चार एमबीची

यावर तिने जो उपाय सांगितला, तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. मिंट आपली फाइल टोरेंटनेही देते. टोरेंट म्हटले की चोरून आणलेले चित्रपट असा समज आपल्याकडे रूढ आहे, पण त्यात दोष वापराचा आहे, रीतीचा नाही. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या या रीतीत मोठी फाइल समान तुकड्यांत विभागतात, आणि प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र पडताळणी-ओळ छोट्या टोरेंट फाइलमध्ये लिहिलेली असते. तुकडे एकाच ठिकाणाहून न घेता, ज्यांनी ती फाइल आधी घेतली आहे अशा अनेकांकडून घेतले जातात. म्हणजे प्रत्येक घेणारा हाही एक आरसाच.

आम्ही मिंटची टोरेंट फाइल घेतली. ती लहानशी असते. ‘ट्रान्समिशन’ या कार्यक्रमात ती उघडली, आमची बिघडलेली फाइल त्याच नावाने त्याच कप्प्यात ठेवली आणि ‘जवळची माहिती पडताळा’ हा पर्याय निवडला. कार्यक्रमाने दीड हजाराच्या आसपास तुकडे एकेक करून तपासले. दोन तुकडे चूक निघाले. दोनदा योजना संपली होती, दोन तुकडे चूक. प्रत्येक तुकडा दोन एमबीचा. त्याने तेवढेच चार एमबी नव्याने आणले आणि काम संपले. मी शा-२५६ पुन्हा काढले आणि चौसष्टही अक्षरे मुलांकडून मोठ्याने वाचून घेतली. शेवटचे अक्षर जुळले तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. छत्तीस वर्षांत मेळ जुळल्याचा इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

नमुना सही

येथे एक शंका येईल. फाइल आणि पडताळणीची ओळ दोन्ही एकाच संकेतस्थळावर असतील, आणि ते संकेतस्थळच कुणी भ्रष्ट केले, तर? ही शंका काल्पनिक नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरांनी शिरून १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा दुवा बदलला आणि चोरदरवाजा बसवलेल्या फाइलकडे वळवला. मिंटच्या चालकांनी ते उघडपणे जाहीर केले आणि त्या दिवशी फाइल घेतलेल्यांना सावध केले.

म्हणून पडताळणी-ओळींच्या यादीवर विकासकांची सांकेतिक सही असते. धनादेशाची रक्कम बरोबर असणे वेगळे, आणि खालची सही खातेदाराच्या नमुना सहीशी जुळणे वेगळे. शा-२५६ ही रकमेची तपासणी, तर जीपीजी सही ही नमुना सहीची. सहीची किल्ली जिथून फाइल घेतली तिथूनच न घेता अन्य ठिकाणाहून ताडून पाहिली, तर ही तपासणी सार्थ होते. आरसे कितीही वापरा; फाइल कुठूनही घ्या, पण खात्री मूळ मालकाकडून करा. अनेक आरशांचा मार्ग सुरक्षित होतो तो या एका नियमामुळे.

या सर्व गोष्टी, म्हणजे आरशांचे पत्ते, पूर्ण फाइलची ओळ, तुकड्यांच्या ओळी आणि सही, एकाच छोट्या कागदावर लिहून द्याव्यात, अशी कल्पना अँथनी ब्रायन यांनी २००५ मध्ये मांडली. तिचे नाव ‘मेटालिंक’. जून २०१० मध्ये ती आरएफसी ५८५४ या क्रमांकाने नियमावली म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या चार लेखकांत एरिया-टूचे त्सुजिकावाही आहेत. मेटालिंकचा कागद कार्यक्रमाच्या हाती दिला की तो आरसे स्वतःच निवडतो, तुकडे आणतो, तपासतो आणि चुकलेला तुकडा दुसऱ्या आरशाकडून परत आणतो. ‘फेडोरा’ ही लिनक्सची आवृत्ती आपली नित्याची अद्ययावने याच मार्गाने मिळवते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

वाचकांच्या सोयीसाठी थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, आधी अडथळा कुठे आहे ते पाहावे. चाचणीत आपला वेग दहा असेल आणि फाइल एका एमबीपीएसने येत असेल, तर अनेक आरसे उपयोगी पडतील. आपली वाटच अरुंद असेल, तर पाच काय, पन्नास आरसे लावूनही वेग वाढणार नाही. तरीही खंड न पडण्याचा लाभ मिळतोच.

दुसरी, जवळचे आरसे आधी निवडावेत, पण सगळे एकाच ठिकाणचे नसावेत. पत्ता ज्यात सांकेतिक जोडणी आहे असाच घ्यावा. आमची चूक तिथेच झाली.

तिसरी, प्रत्येक आरशाकडे एकच धागा पुरे. एरिया-टू स्वतःहून तेवढाच ठेवतो. आकडा वाढवता येतो, पण वाढवू नये. लोकांनी उदारपणे चालवलेल्या पाणपोईवर आपण चार घागरी घेऊन उभे राहू नये, इतका विवेक येथेही हवा.

चौथी, सर्व आरशांवर एकाच आवृत्तीची फाइल आहे ना, हे नाव आणि आकार पाहून ठरवावे. एखादा आरसा अद्याप ताजा झालेला नसतो.

पाचवी, एरिया-टू आरंभीच पूर्ण फाइलइतकी जागा राखून ठेवतो. म्हणून आकार पूर्ण दिसला तरी काम पूर्ण झाले असे समजू नये. शेजारची नोंदफाइल नाहीशी झाली की मगच काम संपले.

सहावी, जुन्या पद्धतीने, म्हणजे फॅट-३२ रीतीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर चार जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. डिस्क रिकामी दिसते आणि नक्कल मात्र होत नाही, तेव्हा कारण बहुधा हेच असते. पेन ड्राइव्हवर उतरवल्यावरही मेळ पुन्हा घालावा.

सातवी आणि शेवटची, मेळ जुळल्याखेरीज फाइल वापरू नये. वेळ कितीही कमी असो.

आपणही आरसा

सकाळी दहाची सभा होती. पहाटे पाचपासून मुलांनी आणि मी मिळून तीन संगणकांवर मिंट बसवले होते. विश्वस्त मंडळी वाचनालयात आली तेव्हा एक मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होता, दुसरा मराठीत पत्र टंकीत होता, आणि तिसऱ्यावर जमाखर्चाचा तक्ता उघडला होता. अध्यक्षांनी फार काही विचारले नाही. विषयपत्रिकेवरील तो विषय त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. उरलेले पाच संगणक त्या आठवड्यात सुरू झाले. पैकी एकाची डिस्क खराब निघाली, ती बदलावी लागली. बाकी सात आजही चालत आहेत.

त्या फाइलची एक प्रत वाचनालयाच्या कपाटात पेन ड्राइव्हवर ठेवली आहे. सोबत कागदावर तिची चौसष्ट अक्षरांची ओळ माझ्या हस्ताक्षरात लिहिलेली आहे. शेजारच्या दोन गावांतील शाळांनी ती नेली. त्यांना तीन जीबी उतरवावे लागले नाहीत, फक्त मेळ घालावा लागला. टोरेंटचा कार्यक्रमही आम्ही काही रात्री चालू ठेवला होता. जेवढे घेतले तेवढे दुसऱ्या कुणाला तरी परत मिळावे, हा त्यामागचा हेतू. आमच्याकडून ते तुकडे कुणी घेतले, कोणत्या देशात गेले, हे आम्हाला ठाऊक नाही. ज्यांनी आम्हाला दिले त्यांनाही आम्ही ठाऊक नव्हतो.